साखरपुड्यातला बिनमालकाचा हात

लग्नाचा फोटोग्राफर फोटो काढतो, असा लोकांचा समज आहे. बटण दाबायला अर्धा सेकंद लागतो हो. त्याआधीचा पाऊण तास जातो माणसं उभी करण्यात. कुठली आत्या पुढे, कुठले मामा मागे, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे आणि म्हणून मधे कोणाला घालायचं. रत्नागिरीच्या बाजारपेठेत गेली तीस वर्षं मी त्या पाऊण तासावर जगतोय. कॅमेरा गळ्यात असतो तो लोकांनी माझं ऐकावं म्हणून. घरात कॅमेरा नसतो आणि घरात माझं कोणी ऐकत नाही, हा पुरावा पुरेसा आहे.

आमच्या जिल्ह्यात ह्या धंद्याला आणखी एक अंग आहे. इथलं कुठलंच घर एका वेळी पुरतं भरलेलं नसतं. एक भाऊ मुंबईला, एक कुवेतला, एक बोटीवर. लग्न मे महिन्यात आणि सुट्टी गणपतीत. मग लग्न उरकलं की लोक माझ्याकडे न आलेल्यांचे फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "मास्तर, ह्याला पण बसवा." मी बसवतो. कॉम्प्युटरवर माणूस कापून घ्यायचा, त्याला झब्बा चढवायचा, उजेडाची बाजू जुळवायची आणि काका-काकूंच्या मधे खोचून द्यायचा. आमच्या घरात ह्याला चिकटकाम म्हणतात. माझी बायको सुलभा म्हणते, "तुम्ही जेवढी माणसं गावाला आणलीत तेवढी रेल्वेनं आणली नसतील."

मंडणगडच्या एका आजींचा मुलगा मी असाच लग्नात बसवून दिला होता. दोन महिन्यांनी आजी फोटो घेऊन परत आल्या. "बरा बसवलास, पण हसतो कशाला ह्यो? बापाशी बोलत नाय तो." मी त्याची मान दुसरीकडे वळवून दिली, तेव्हा त्यांना तो खरा वाटला. हर्णैच्या एका बोटमालकाला नवरा-नवरीच्या मागे आपली नवी बोट हवी होती, कारण व्याह्यांनी ती बघितली नव्हती. बोट बसवली. नीट बघितलं तर ती मांडवात घुसत होती, पण व्याह्यांनी बोटच बघितली, मांडव नाही.

हे सगळं सांगतोय ते बढाई म्हणून. ह्याच बढाईनं पुढे घोळ केला.

महामारीतल्या दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा आठवा. लग्नाला पंचवीस माणसांची परवानगी होती आणि त्या पंचविसात भटजी धरायचा की नाही ह्यावर घराघरांत भांडणं चालली होती. फोटोग्राफर धरायचा की नाही ह्यावर भांडण नव्हतं. मला सरळ बोलवायचंच बंद झालं. मी दुकानाच्या पायरीवर लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढत होतो. गिऱ्हाईक श्वास रोखून मास्क खाली करी, मी श्वास रोखून बटण दाबी, आणि मग दोघेही लांब जाऊन श्वास घेत असू. त्या वर्षी मी काढलेल्या सगळ्या ओळखपत्रांवरची माणसं नुकतीच विहिरीतून वर काढल्यासारखी दिसतात.

अशात अध्यक्षसाहेबांचं काम आलं. ते एका पक्षाचे तालुकाध्यक्ष. पक्ष कुठला ते विचारू नका, मला दर निवडणुकीआधी फलकाचा रंग बदलायला लावतात, त्यामुळे खात्रीनं सांगता येणार नाही. त्यांना 'नियम पाळा, मास्क वापरा' असे फलक लावायचे होते. मी त्यांचा मास्क घातलेला फोटो काढला. बघून म्हणाले, "मास्तर, ह्याच्यात मी आहे हे कळायचं कसं?" मग मास्क काढून काढला. तर ते म्हणाले, "आता विरोधक बोलतील." शेवटी मास्क हनुवटीवर आला. शहरभर तेच फलक लागले. हनुवटीला मास्क, एक बोट वर, आणि खाली: गर्दी टाळा, कोकण वाचवा.

त्याच आठवड्यात हनीफभाईच्या मुलीचा निकाह होता. हनीफभाई खाडीपलीकडच्या गावचा, कुवेतला क्रेन चालवायचा. विमानं बंद झाली तेव्हा सुट्टीवर आलेला इथेच अडकून पडला होता. सरळ माणूस. पंचवीसची परवानगी असताना त्यानं एकवीस माणसं बोलावली. मी म्हटलं, "चार जागा शिल्लक आहेत की." म्हणाला, "मोजायला येणाऱ्या पोलिसांना धरलंय त्याच्यात." काझी, मी आणि स्वयंपाकाला आलेली बाई, सगळे धरून एकवीस. सख्खा मेहुणा होडीतून आला होता, त्याला त्यानं होडीतच बसवून ठेवला आणि बिर्याणीचं ताट तिकडे पाठवलं.

निकाह झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, मुंब्र्याची माझी बहीण नाय आली. दोघं भाऊ कुवेतला. पोरगीच्या मावश्या, चाची, कोणच नाय. फोटोत तरी सगळी येव दे." मग म्हणाला, "आणि बाबांना पण बसवा." बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी त्या कामात जीव ओतला. दुसरं काही काम नव्हतंच. फोटोत मूळची वीस माणसं होती, कारण मी कॅमेऱ्यामागे. त्यात सतरा चिकटवली. बाबांना पुढच्या रांगेत, मधोमध, खुर्चीवर बसवलं, पायांची सावलीसुद्धा जमिनीवर पाडली. सदतीस माणसांचं हसरं घर. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी तो फोटो माझ्या स्टुडिओच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, 'एक आनंदाचा क्षण.' चिकटकाम आहे असं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कला कुठे राहिली?

दुसऱ्या दिवशी तो फोटो अध्यक्षसाहेबांनी पाहिला. माणसं मोजली. 'अशा लोकांमुळे कोकण धोक्यात' असं वर लिहून त्यांनी तो सगळीकडे पाठवला आणि वार्ताहर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हनीफभाईवर गुन्हा दाखल झाला. पंचवीसपेक्षा बारा माणसं जास्त, आणि शिवाय पुढच्या रांगेत खुर्चीवर एक अनोळखी वृद्ध, विनामास्क.

तुम्ही म्हणाल, मग लगेच उठून ठाण्यात जायचं, मूळ फोटो दाखवायचा, दहा मिनिटांचं काम. बरोबर आहे. सुलभाही तेच म्हणाली. पण त्या रविवारी अध्यक्षसाहेबांच्या मुलाचा साखरपुडा होता आणि त्याची ऑर्डर माझ्याकडे होती.

साखरपुडा त्यांच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत होता, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूला. चारशेच्या वर पानं उठली. आमरस पिंपातून वाढत होते. गेटवर एक कार्यकर्ता तापमान बघायचं यंत्र घेऊन उभा होता. त्यानं मला सांगितलं की त्याची बॅटरी सकाळीच संपली, पण साहेबांनी धरून उभा राहा म्हणून सांगितलंय. मंचावर नव्वदेक माणसं चढली. मी तीस वर्षांच्या सवयीनं सगळ्यांना मान बघून उभं केलं. अध्यक्षसाहेबांच्या बहिणीचे यजमान, ज्यांना सगळे भाऊजी म्हणतात, ते उंच, म्हणून साहेबांच्या बरोबर मागे. "भाऊजी, हात साहेबांच्या खांद्यावर ठेवा, घरचं वाटतं," असंही मीच म्हटलं.

रात्री साहेबांचा फोन. "मास्तर, तो ग्रुप फोटो मला टाकायचाय. आदर्श साखरपुडा म्हणून. जरा कमी करा."

"उजेड?"

"माणसं. पंचवीस नको, चोवीस ठेवा. बरं दिसतं." आणि फोन ठेवताना म्हणाले, "तुमच्या त्या कॉम्प्युटरमधे काय काय होतं ह्याची सध्या फार चर्चा नको हां."

आता बाहेरच्यांसाठी सांगतो. माणूस चिकटवणं सोपं, काढणं कठीण. माणूस काढला की त्याच्या मागे काय होतं ते आपल्याला रचावं लागतं, आणि मागे दुसरा माणूसच असतो, त्यालाही काढायचं असतं. सहासष्ट माणसं काढायला मला तीन दिवस लागले. त्या घाईत पत्रावळींचा ढीग राहून गेला. चोवीस माणसांमागे दोनशे पानं. आणि आणखी एक गोष्ट राहिली, ती मला दिसलीच नाही. फोटो साहेबांनी टाकला, वर लिहिलं, 'नियम आपल्या घरापासून.'

ह्याच दिवसांत हनीफभाई माझ्याकडे येत होता. कुवेतहून कंपनीचा निरोप आला होता. ठरावीक तारखेच्या आत हजर व्हायचं, नाहीतर क्रेनवर दुसरा माणूस. त्यासाठी पोलीस क्लिअरन्सचा दाखला लागत होता, आणि गुन्हा असताना तो मिळत नव्हता. त्याला माझ्याकडून फक्त मूळ फोटो हवा होता, आणि मी येऊन दोन शब्द सांगायला हवे होते.

मी म्हटलं, "हनीफभाई, हार्ड डिस्क बिघडली हो. मुंबईला पाठवलीय."

हार्ड डिस्क माझ्या गुडघ्याला लागत होती, टेबलाखाली. मला भीती होती की ठाण्यात मी चिकटकाम उलगडून दाखवलं की पुढचा प्रश्न येणार. खरं सांगायचं तर साहेबांच्या मुलाचं लग्न अजून व्हायचं होतं, त्याचीही भीती होती. तो दर दिवसाआड यायचा, पायरीवर लांब उभा राहायचा, विचारायचा, "आली काय?" मी म्हणायचो, "निघालीय." असे आठ दिवस.

आठव्या दिवशी तो बाकावर बसला असताना भाऊजी आले. पांढरा शर्ट, हातात मोबाइल, चेहरा लाल. आत न येताच त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "हा हात कोणाचा?"

फोटोत अध्यक्षसाहेब हसत होते. त्यांच्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंत हात, पुढे कोणी नाही, मागे आंब्याची पानं. मधल्या बोटात पोवळ्याची अंगठी.

"अंगठी माझी हाय," भाऊजी म्हणाले आणि बोट वर करून दाखवलं. "म्हंजे माझा हात ठेवलात नि मला उडवलात?"

"भाऊजी, साहेबांनीच सांगितलं, चोवीस…"

"चोविसात नवरीकडचा ड्रायव्हर हाय. मी नाय. ह्या घरचा जावई मी, बत्तीस वर्षं झाली. बायको दोन दिवस जेवली नाय. मला परत बसवा."

"पण तुम्हाला बसवलं तर पंचवीस होतात."

"मग ड्रायव्हर काढा. मी होतो तिथं. चारशे माणसांनी बघितलाय मला. दोनदा रस घेतला."

बाकावर हनीफभाई बसला होता. त्याच्याकडे त्याच्या बहिणीची मुंब्र्याहून आलेली चिठ्ठी होती, की मी त्या दिवशी तिथे नव्हते. एका बाकापाशी न आलेल्याचा पुरावा घेऊन एक माणूस बसलेला आणि आल्याचा पुरावा घेऊन दुसरा उभा. दोघांचं काम माझ्याकडेच.

हनीफभाईनं भाऊजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. शांतपणे म्हणाला, "मास्तर, माणसं काढायचा पण काम करता तुम्ही? आणि ता कुठल्या हार्ड डिस्कवर करता?"

मी टेबलाखालून डिस्क काढली, पायात चप्पल अडकवली आणि त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. धैर्य वगैरे काही नाही. तिथे बसणं अशक्य झालं होतं.

ठाण्यात हवालदारांनी कॉम्प्युटर दिला. मी एकेक माणूस काढत गेलो. मुंब्र्याची बहीण गेली, भाऊ गेले. हवालदार वहीत टिपत होते. "हे खुर्चीवरचे?"

"ते वारलेत."

"कधी? निकाहनंतर?" त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"अकरा वर्षं झाली."

हवालदारांनी पेन थांबवलं. "मग त्यांच्या मास्कचं काय करायचं?" ते आत ठाण्याच्या साहेबांना विचारून आले. "मृत्यूचा दाखला आणा. जिवंत असतील त्यांचे पासपोर्ट आणा. त्या दिवशी ते तिकडेच होते हे कळायला हवं."

मग ठाण्याचे साहेब बाहेर आले. त्यांनी सगळा खेळ आतल्या दारात उभ्यानं बघितला होता. "चांगलं येतं तुम्हाला," ते म्हणाले. "म्हणजे असलेली माणसंही काढता येत असतील."

"येतात."

"कोणाची काढलीत कधी?"

मी सांगितलं. सहासष्ट, आणि हात राहिला, तेही. साहेबांनी हवालदारांना पेन खाली ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "हनीफचं मी करतो. ते दुसरं वेगळं प्रकरण. त्याला तक्रार लागते. तिथे हजर असलेला कोणी तक्रार देईल?"

दिली. भाऊजींनी दिली. दोन पानी, स्वच्छ अक्षरात, की मी त्या कार्यक्रमाला हजर असूनही मला हेतुपुरस्सर गैरहजर दाखवण्यात आलं. सोबत अंगठीचा फोटो. त्यावर कारवाई झाली. बेकायदा गर्दीत हजर असल्याची लेखी कबुली दिल्याबद्दल भाऊजींवर गुन्हा दाखल झाला. त्या साखरपुड्यातले चारशेपैकी तेवढेच.

अध्यक्षसाहेबांनी वार्ताहरांना सांगितलं की खांद्यावरचा हात कोणाचा आहे ह्याची त्यांना कल्पना नाही, हल्ली फोटोग्राफर काय काय करतात, आणि ते स्वतःच चौकशीची मागणी करतात. पक्षानं तीन जणांची समिती नेमली. समिती माझ्या दुकानात आली. तिघांनाही मी ओळखलं, तिघांनाही मी तीन दिवस खपून पुसलं होतं. त्यांनी फोटो नीट न्याहाळला.

"ह्याच्यात गर्दी दिसत नाही," एकजण म्हणाला.

"ओळखीचं असं कोणी दिसत नाही," दुसरा म्हणाला. तो मूळ फोटोत तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा होता.

मी विचारलं, "मूळ फोटो दाखवू का?"

तिसरा म्हणाला, "आमच्या कार्यकक्षेत हाच फोटो आहे." आणि जाताना हळूच, "मूळची एक प्रत मात्र मला द्या हां. बायकोची साडी छान आलीय त्यात."

अध्यक्षसाहेब आता जिल्ह्याचे झाले. मुलाच्या लग्नाला त्यांनी दुसरा फोटोग्राफर बोलावला.

हनीफभाईचं प्रकरण ठाण्यातल्या साहेबांनी शब्दाप्रमाणे मिटवलं. कुवेतहून भावांच्या पासपोर्टच्या प्रती आल्या, बाबांचा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून निघाला, कागद वर गेले, खाली आले, आणि क्लिअरन्सचा दाखला मिळाला. कंपनीनं दिलेली तारीख उलटून पाच दिवस झाले होते. क्रेनवर दुसरा माणूस बसला होता.

ही वजाबाकी मी कितीदा केली असेल. आठातून पाच गेले की तीन उरतात. मी पहिल्या दिवशी उठलो असतो तर तो तीन दिवस आधी पोचला असता.

पाच-सहा महिन्यांनी तो दुकानात आला. रिक्षाच्या परवान्यासाठी फोटो हवा होता. मी त्याला स्टुलावर बसवला, कॉलर सरळ केली. तो म्हणाला, "मास्तर, एक विचारायचा होता. ती डिस्क मुंबईला खराच गेलेली?"

चौकशी म्हणतात ती ही. ना समिती, ना कार्यकक्षा. मी म्हटलं, "नाही. इथेच होती. टेबलाखाली."

त्यानं मान हलवली. "टेबलाखालनं काढलीत तेव्हाच मला कळला. पण घरी मी सांगितलाय, मास्तरांची डिस्क बिघडली, त्यांचा काय दोष. बायको जुलेखा सहा महिने त्या कुवेतवाल्या मॅनेजरला शिव्या घालते. त्याचा काय संबंध नाय, बिचाऱ्याचा." तो स्टुलावरून उठला. "फोटो मागाहून काढू. आधी घरी चला नि तुम्हीच सांगा."

मी शटर अर्धं ओढलं आणि गेलो. खाडी ओलांडून त्याच्या घरी पोचलो. घरात जुलेखाभाभी कोळंबी सोलत होत्या, लग्न झालेली मुलगी माहेरी आली होती, तीही बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. डिस्क बिघडली नव्हती, मी घाबरलो होतो, आठ दिवस.

भाभींनी हात धुतले, पदराला पुसले. नवऱ्याला म्हणाल्या, "म्हंजे मी सहा महिने चुकीच्या माणसाला बोलत होते?"

"होय," हनीफभाई म्हणाला.

मग त्यांनी मॅनेजरच्या नावानं जे जे म्हटलं होतं ते सगळं, काही न गाळता, माझ्या नावानं पुन्हा म्हटलं. बराच वेळ लागला. त्यात माझा कॅमेरा आला, माझं दुकान आलं, माझी अक्कल तर दोनदा आली. मुलगी मधे एकदा "अम्मी, पुरे" म्हणाली, तर तिलाही बसायला सांगितलं. तीस वर्षं मी लोकांना उभं करून सांगत आलोय, हलू नका. त्या दिवशी मी हललो नाही.